फोटोच्या आधी मुअत्तर पोचली

शेजारच्या रानोच्या नंबरावरून मुअत्तरच्या फोनवर निरोप आला, ‘लेकीचं लग्न आहे, आमंत्रण उघडून बघा.’ उझबेकिस्तानातल्या मर्गिलानमध्ये लग्नाचं आमंत्रण न उघडता ठेवणं म्हणजे त्या घराचा अपमान. मुअत्तरने उघडलं. फोनने जी जी परवानगी मागितली, ती देऊन टाकली. आमंत्रण काही दिसलं नाही. दुपारपर्यंत मात्र तेच तिच्या नावाने सगळ्या गिऱ्हाइकांना पोचलं होतं.

मुअत्तर नवऱ्या मुलींचे कपडे शिवायची. माप बघताना मुलींचे फोटो काढून ठेवायची, अर्धवट शिवलेल्या रेशमातले, उघड्या दंडांचे. सहा वर्षांत एकही पुसला नव्हता. आळस, दुसरं काय!

संध्याकाळी एका पुरुषाचा फोन आला. “उद्या दुपारपर्यंत पैसे टाक. नाहीतर सार्विनोझचा फोटो तिच्या सासूला जाईल. रविवारी लग्न आहे ना?”

सकाळी बाजारात फोन दुरुस्त करणाऱ्या शोमुरोदने आमंत्रणाच्या नावाने शिरलेलं चोरटं ॲप काढून फोन साफ केला. “पण ओपा, गेलेले फोटो परत यायचे नाहीत. गुपचूप देऊन टाका पैसे. बोभाटा झाला तर दुकान बसेल.”

“बसू दे! आज दिले तर उद्या दुसरीचा फोटो पुढे करेल मेला. मी का म्हणून घाबरू? चोर तो आहे.”

तिथून ती थेट सार्विनोझच्या दारात गेली. सासूला सगळं सांगायचं, तर आधी मुलीलाच विचारायला हवं होतं. मुलगी खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “सांगा तुम्ही. त्याच्याकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू दे.”

होणारी सासू होसियत खाला म्हणजे अख्ख्या गल्लीला धाक. मुअत्तरने पुढ्यात दोन नान ठेवले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. “मुलीचा काडीचा दोष नाही. बेपर्वाई माझी. बोलायचं ते मला बोला.”

होसियत खालाने नान मोडायला घेतले.

“तुझ्या नावाचं ते आमंत्रण मलाही आलं होतं,” ती म्हणाली. “मीही उघडलं. लाजेने कुणाला सांगितलं नाही.”

“अगं बाई! मग आधी फोन शोमुरोदकडे न्या. मी निघते, फोटो गेलेल्या मुलींची अजून कितीतरी घरं राहिलीत.”

“एकटी कुठे निघालीस? थांब, डोक्याला रुमाल बांधते.”

तेवढ्यात मुअत्तरचा फोन वाजला. तोच आवाज. “वेळ संपली. काय ठरलं?”

“तुझे कष्ट वाचवलेत,” मुअत्तर म्हणाली. “सासूबाई इथेच आहेत. बोल त्यांच्याशी.”

होसियत खालाने फोन हिसकावूनच घेतला. “आमंत्रणं तूच वाटतोस ना रे? मग रविवारी ये की लग्नाला! ज्यांचे ज्यांचे फोटो चोरलेस, त्या सगळ्या जणी दारात उभ्या राहून तुझं स्वागत करतील.”

पलीकडून फोन बंद झाला. दोघी पुढच्या घराकडे निघाल्या.