आमच्या टेम्पोचा ठोका

माझ्यावर कोणीही विश्वास ठेवला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाची बाजू घ्यायची ते तुम्हाला ठरवता येईल. मी चौथी पास, त्यात पॉवरलूमच्या कारखान्यात कांड्या भरणारी, म्हणजे लाकडी नळ्यांवर धागा गुंडाळणारी. अशी बाई बहिरीच असणार, असं भिवंडीत सगळे धरून चालतात. दोन वर्षं उभा असलेला आमचा टेम्पो चालू केला आणि तो ठोकायला लागला. आठ दिवसांत त्याचे इतके डॉक्टर होऊन गेले की किस्से सांगायला बसले तर चहा दोनदा टाकावा लागतो!

*

आधी टेम्पोचं सांगते. आमचे मालक म्हणजे माझा नवरा, जातीचा ड्रायव्हर. माल उतरवताना पाय मोडला आणि त्या दिवसापासून गाडी दिघाशीला घरापुढे चिंचेखाली. पाय जुळला, पण तोवर गाडीवर दुधीचा वेल चढला होता. मालक लूमवर कामाला लागले. रस्त्यावरचा माणूस दिवसभर एका जागी उभा राहून तुटलेले धागे जोडणार आणि शेठची बोलणी खाणार. घरी आले की कोणाशी बोलायचे नाहीत.

तेव्हा वडप्याला गोदामं उभी राहायला लागली होती. एका गोदामवाल्याने निरोप दिला, "सोमवारी सकाळी गाडी दारात दिसली तर कायमचं काम. नाहीतर दुसऱ्याची लावतो."

सहा जणांनी ढकलून गाडी चालू केली. काळा धूर निघाला, कोंबड्या पळाल्या, आणि टक-टक-टक-टक!

मालकांनी कपाळाला हात लावला. "बेरिंग गेलं. इंजिन खलास. भंगारवाल्याला बोलवा."

मी म्हटलं, "इंजिनातून न्हाय येत, मागून येतोय. तुम्ही गिअर टाकायला क्लच दाबलात तेव्हा थांबला होता. परत दाबून बघा."

"तुला लाऊडस्पीकर ऐकू येत न्हाय आणि क्लच ऐकू आला?"

*

माझ्या कानांचं म्हणाल तर ऐका. आमच्या कारखान्यात चोवीस लूम. सगळे चालू असले की शेजारच्या बाईशी ओठ हलवून बोलावं लागतं. पण रोज ऐकून मला कुठला लूम काय म्हणतोय ते कळतं. एकदा नव्या मुकादमाला सांगितलं, "सतरा नंबर बंद कर, बोल्ट ढिला हाय." तो हसला. "मावशी, तुम्ही कांड्या भरा."

दुपारी सतरा नंबरचा, आडवा धागा नेणारा लाकडी धोटा उडाला तो थेट शेठच्या चहाच्या कपावर! शेठ ओरडले, "आधी कोणी सांगितलं का नाही?"

मी म्हटलं, "मी सांगितलं होतं. तुमच्या मुकादमाला कमी ऐकू येतं."

*

पहिला डॉक्टर माझा दीर बबन. रिक्षा चालवतो, म्हणून स्वतःला अर्धा मेकॅनिक समजतो. म्हणाला, "वहिनी, दोन वर्षांचं डिझेल म्हणजे शिळी आमटी. इंजिनाच्या पोटात दुखणारच."

"आधी क्लच दाबून बघ."

"क्लचचा काय संबंध? तुम्ही डबा आणा."

टाकी रिकामी केली, फिल्टर बदलला, ताजं डिझेल भरलं. गाडी पटकन चालू झाली आणि ठोका आता शेजारच्या आळीपर्यंत जायला लागला.

बबन खूश! म्हणाला, "बघा, इंजिनात जीव आला!"

*

मग त्याने एअर फिल्टर उघडला. आत उंदराचं घरटं. बबन ओरडला, "सापडला! इंजिनाचा श्वास कोंडला होता!" घरटं बाहेर ओढलं. ठोका तसाच. पण त्या चिंध्यांमध्ये मला हिरवा काठ दिसला. माझी नवी साडी! वाळत घातलेली हरवली होती, आणि ती जावेने उचलली म्हणून मी तिच्याशी वर्षभर बोलले नव्हते.

जाऊ म्हणजे बबनची बायको. तिला मी अजून सांगितलेलं नाही. बबनलाही दम दिलाय.

*

शनिवारी निजामपुऱ्यातून उस्तादांना आणलं. मोठा मेकॅनिक. पांढरी दाढी, लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनावर, मूठ कानाला. डॉक्टर नळी लावतो तसंच. मी घरातून रिकामी लाकडी कांडी आणली, मागे गिअरबॉक्सवर टेकवली आणि दुसरं टोक कानाला लावलं. आवाज तिथेच! खणखणीत.

मालक म्हणाले, "तिथं काय कांड्या भरतेस?"

उस्तादांनी एकेका इंजेक्टरचा नट ढिला केला. ज्या सिलिंडरचं बेरिंग गेलेलं असतं, त्याचं डिझेल तोडलं की ठोका कमी होतो. पहिला तोडला, ठोका तसाच. दुसरा, तिसरा, चौथा, तसाच. उस्ताद हात पुसत उभे राहिले.

"भाईसाब, चारों गए।"

मी म्हटलं, "उस्ताद, उभ्या गाडीत चारही एकदम मेले? कॉलरा झाला का? क्लच दाबून बघा."

"भाभी, मेरा चालीस साल का तजुर्बा है।"

"मग त्यात एका मिनिटाची भर पडेल."

उस्ताद हसले आणि निघून गेले.

*

रविवारी भंगारवाला आला. गाडीभोवती फेरी मारली, दारावर टिचक्या मारल्या, ठोकाही ऐकला. म्हणाला, "ताई, आवाज तर चांगला दणदणीत आहे. माझ्याकडे येतात त्या गाड्या बोलतच नाहीत."

मालकांनी चावी पुढे केली. मी ती मधल्या मध्ये घेतली. "द्यायचीच आहे ना? मग मला एकदा बसू द्या."

*

सोमवारी सकाळी गाडी वडप्याला गोदामाच्या दारात उभी होती. हे आधी सांगते, कारण खरी मजा रविवारचीच आहे.

मी साडी खोचून केबिनमध्ये चढले, चावी फिरवली. टक-टक-टक-टक. दोन्ही पायांनी क्लच दाबला. ठोका बंद! सोडला, चालू. दाबला, बंद. भंगारवाला म्हणाला, "ही गाडी मी नाही घेत बाबा, ही जिवंत आहे." बबन रिक्षा काढून उस्तादांना घेऊन आला. उस्तादांनी माझ्याकडून आणखी तीनदा क्लच दाबून घेतला. सरळ गाडीखाली शिरले.

उस्ताद, बबन आणि मालक, तिघांनी मिळून गिअरबॉक्स उतरवला. आत फ्लायव्हील, म्हणजे क्लच बसतो ते जड चाक, हलत होतं. त्याचे सगळे बोल्ट ढिले, म्हणून क्लचने दाबलं की गप्प, सोडलं की ठोके. दोन तर उस्तादांनी पान्हा न लावता बोटांनी फिरवून दाखवले.

"इंजिन एकदम अच्छा है। ये बोल्ट किसने टाइट किए थे?"

मालक लालबुंद झाले. दोन वर्षं गेली होती, गाडी भंगारात जाता जाता राहिली होती. अंगणभर ऐकू जाईल असे ओरडले, "कोण गाढव तो? नाव सांगा! आत्ताच्या आत्ता त्याच्या घरी जातो!"

पाय मोडला त्याच्या आदल्या दिवशी ऑइल सील बदलायला ते फ्लायव्हील याच अंगणात उतरवलं होतं. टेम्पोखाली एकच माणूस झोपला होता. पान्हे मी देत होते.

"तुला माहीत हाय ना? मग बोल की! नाव काय त्याचं?"

लग्नात सगळ्या बायकांनी दार अडवून माझ्याकडून उखाण्यात ते नाव वदवून घेतलं होतं. त्यानंतर बावीस वर्षांत एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. उस्ताद, बबन, भंगारवाला, कुंपणापलीकडून जाऊ, सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "काशिनाथ."