लव्होनचं भांडं

सव्वीस वर्षं आर्डिस क्वामनं चर्चच्या तळघरात मयताची जेवणं वाढली. नियम एकच, गेलेला माणूस कसा जगला ते विचारायचं नाही, वाढायचं. ओले नावाचा दारुडा मेला तेव्हाही हॅमची सँडविचं कमी पडली नव्हती. शिवाय ज्याच्या घरी दुःख, त्याच्या दारात खिमा-बटाट्याची भांडी. प्रत्येक भांड्याच्या बुडाला कागदी चिकटपट्टी, तिच्यावर मालकिणीचं नाव. पंधरा दिवसांनी भांडं परत करायला जायचं, कॉफी प्यायची. गावातली प्रत्येक विधवा पहिल्यांदा घराबाहेर पडली ती अशीच, रिकामं भांडं हातात घेऊन.

गुरुवारी आर्डिसचा नवरा ऑर्लिन गेला.

पोस्टातून निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी तो गर्भपाताच्या दवाखान्यापुढे मोठी छत्री घेऊन उभा राहायचा. आलेल्या बाईला फाटकावर गर्भपाताविरुद्ध निदर्शनं करणाऱ्यांच्या पाट्या दिसू नयेत म्हणून. "जन्मभर दारोदार पत्रं पोचवली, आता बायका पोचवतो," म्हणायचा. पाट्या धरणाऱ्यांत चर्चमधलेही चारपाच जण असत. त्यांची तो खुशाल हवापाण्याची चौकशी करायचा. त्या दिवशी गर्दीतल्या एकानं डॉक्टरांवर बंदूक रोखली आणि ऑर्लिन मध्ये आला. डॉक्टर वाचले.

शनिवार उजाडला तरी आर्डिसच्या ओट्यावर एकही भांडं नव्हतं. दुपारी लव्होनचा फोन आला. शाळेपासूनची मैत्रीण, आणि जेवणाच्या समितीची प्रमुख.

"अगं, तळघरातला बॉयलर बिघडलाय. सोमवारी जेवणाचं काही जमायचं नाही बघ."

"नोव्हेंबरात तर नवा बसवला."

"यंत्रच ते, बिघडतं. तुझा गुडघा कसा आहे?"

रविवारी सकाळी पायरीवर एक भांडं होतं. बुडाची पट्टी खरवडून काढलेली. पण कानाचा टवका आर्डिसच्या ओळखीचा होता. लव्होनच्या नवऱ्याच्या मयताला, धुताना आर्डिसच्याच हातून उडालेला.

सोमवारी दफन उरकून ती तळघरात उतरली. बॉयलर घुरघुरत होता. टेबलं मात्र मिटून भिंतीला लावलेली. तिनं काळ्या कपड्यांवर ॲप्रन बांधला आणि एक टेबल उघडलं. दवाखान्यातल्या नर्सनं कॉफी ठेवली, ऑर्लिनच्या जोडीचे दोन पोस्टमन पाव कापायला बसले. मधोमध ते भांडं, गरम केलेलं, आणि त्याच्या पोटावर ठसठशीत पट्टी: लव्होन.

लव्होन जिन्यात येऊन थबकली.

"आर्डिस, ती पट्टी काढ गं."

"नाव लावायला तूच शिकवलंस मला."

"जावई त्या फाटकावर असतो माझा. नातवंडं दाखवायचा नाही मला. काढ."

लव्होननं कठडा असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती. आर्डिसनं नखानं पट्टी सोडवली, गोळी करून खिशात टाकली.

"पंधरा दिवसांनी आणून देते," ती म्हणाली. "कॉफी ठेवशील ना?"

लव्होन एक पायरी वर सरकली.

"राहू दे ते तुझ्याकडेच. मला एकटीला एवढं मोठं कशाला लागतंय?"

"बरं," आर्डिस म्हणाली, आणि डाव घेऊन पोस्टमनला वाढायला लागली.