तिसरा तारा दिसेपर्यंत

सिनेगॉगच्या फाटकावर बॅनर होता, ‘शांततेसाठी स्मरणमैफल’, आणि बरोबर त्याच्या खाली माझी आई आणि माझी आत्या एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या.

दोन वर्षांचा अबोला. कारण ऐकाल तर हसाल. बाबांना जाऊन वर्ष झालं, त्या प्रार्थनेला आईने मलिदा केला होता. मलिदा म्हणजे आमचे गोड पोहे, प्रार्थना करून वाटायचे. आत्याने एक घास घेतला आणि चारचौघांत म्हणाली, “माझ्या भावाच्या नावाचा मलिदा, आणि खोबरं असं हात आखडून?” झालं! नणंद-भावजय, दोघी सत्तरीच्या पुढच्या, आणि निरोप्या कोण, तर मी.

पण या वेळी दोघींना एकमेकींची गरज होती. पुढच्या महिन्यात माझा भाऊ आईला कायमची इस्राएलला नेणार होता. जाण्याआधी तिची एकच इच्छा होती: बाबा गायचे ते नोहाच्या तारवाचं मराठी कीर्तन या अंगणात एकदा व्हावं. पेटी आईची, पण तिचा गळा गेलेला. शब्द आणि चाल आता फक्त आत्याला येत होती.

“तिला सांग, पेटीवर काळी दोनचा सूर धरीन,” आई म्हणाली.

“धर म्हणावं,” आत्या म्हणाली. दोघींमध्ये हातभर अंतर. मी तिथेच उभी. वैताग नुसता!

त्यात सिनेगॉगच्या चिटणीसांनी मुंबईत बसून मैफलीची वेळ ठरवली, शनिवारी संध्याकाळी साडेसहा. मागच्या हिवाळ्याचा कागद बघून! तेव्हा दिवस लवकर मावळत होता. आता लख्ख ऊन. आणि आकाशात तीन तारे दिसल्याशिवाय आमचा शब्बाथ, शनिवारचा विसावा, सुटत नाही. तोवर पेटीला हात नाही, माइकला नाही. ज्यांच्या पणज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गाव शनवार तेली म्हणायचं, त्यांनीच शनिवार विसरावा? कप्पाळ!

चौलहून भजनी मंडळ आलं होतं. त्यांचे बुवा म्हणाले, “आमाला कुठं शब्बाथ हाय? आमी वाजवतो की.” पण अंगण सिनेगॉगचं, म्हणून ते नको. मग दिवस मावळल्यावर बुवांसकट सगळं गाव माना वर करून तारे शोधायला लागलं. एक दिसला. दुसरा दिसला. मग ढग आले.

“त्यो बघा तिसरा!” बुवा ओरडले.

“अहो, तो हलतोय. विमान आहे ते.”

लोक चुळबुळायला लागले. लांबून आलेली मंडळी शेवटच्या गाडीची भाषा करू लागली. आई पदराचं टोक चावत होती. आज नाही तर कधीच नाही.

तेवढ्यात आई म्हणाली, “दिसला. त्या माडाच्या डावीकडे.”

प्रार्थना चालवणारे आमचे हज्जान पक्के काटेकोर. “आणखी कुणी बघितला?” आम्ही वळेपर्यंत ढग पुन्हा आड आलेला.

आत्या मला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, “हिला काय, मलिद्यात नसलेलं खोबरंसुद्धा दिसतं.”

अंगण हसलं. आई उठली. आता इथेच जुंपणार, मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा आईने आत्याची हनुवटी दोन्ही हातांत धरून तिचं तोंड माडाकडे वळवलं होतं.

“वन्सं, वर बघा. ढग हलला. दिसतो का आता?”

दोन वर्षांत पहिल्यांदा, थेट तिच्याशी. आत्या बराच वेळ वर बघत राहिली.

“दिसला,” ती म्हणाली.

मैफल झाली. आत्या दोनदा बेसूर झाली, आईने पेटीवर तिला सावरलं, बुवांनी टाळ धरले. बाबा आळवून गायचे ती जागा आली तिथे दोघी थांबल्या आणि मी हमसाहमशी रडले, लाज न बाळगता.

परत जाताना आत्याने माझा हात घट्ट धरला होता. ओटीची पायरी तिला सापडेना.

“आत्या, पायरी दिसत नाही आणि तारा बरा दिसला?”

“तारा कुठला, मेले! मला माडसुद्धा दिसला नाही,” ती म्हणाली. “पण तिने हात लावला ना. पुढच्या महिन्यात ती जाणार, मग कोण धरणार माझं तोंड?”