नुसतं वाचता येईल असं
कपाट आवरताना काळ्या केबलचं वेटोळं हाती लागलं आणि सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यातली, राजाजीनगरच्या घरातली एक रविवारची दुपार आठवली. वडील, म्हणजे आमचे अण्णा, समाजातल्या लग्नाच्या मुलामुलींची यादी खालच्या कॉम्प्युटरवर ठेवायचे. ती माडीवर काकांच्या कॉम्प्युटरवरही दिसायला हवी होती. मी पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर बसायचे, म्हणून दोन्ही कॉम्प्युटर केबलने जोडायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. पत्र्याखालची काकांची खोली भट्टीसारखी तापलेली, शेजारच्या गिरणीतून रागीच्या पिठाचा वास येत होता, आणि यादी काही केल्या दिसेना. "स्वल्प बघ गं अजून," अण्णा खालून ओरडायचे आणि मी जिना चढत-उतरत राहायचे. शेवटी केबलच्या टोकाची लहानशी टोपी निघालेली सापडली. ती मी घट्ट बसवली, तशी जोडणी सुरू झाली. "काका खाडाखोड करतात, त्यांना नुसतं वाचता येईल असं कर," अण्णा म्हणाले. खालच्या कॉम्प्युटरवर तसं करून मी वर गेले, यादी उघडली, तर त्यात माझंच नाव! जन्मवेळ, उंची, रंग, आणि शेवटी, 'लग्नानंतर नोकरी सोडण्यास तयार.' मला कुणी विचारलंच नव्हतं. ते वाक्य मी खोडलं, पण बदल साठवायला कॉम्प्युटर तयार होईना. आता ते फक्त खालूनच खोडता आलं असतं, आणि खाली खुर्चीत अण्णा बसले होते. "दिसतंय का गं?" त्यांनी विचारलं. "दिसतंय," मी म्हणाले. लग्न होऊन नोकरी त्याच वर्षी सुटली. केबलची टोपी मात्र आज ओढून पाहिली, तरी निघाली नाही. मीच बसवली होती ती.