भिजवलेली पुडी

वहिनींनी तांब्या उचलला आणि आम्ही मढवलेल्या मृदंगावर गोमूत्राचं पाणी ओतलं. शिंपडलं नाही. ओतलं. आधी एका तोंडाच्या कातडी पुडीवर, मग दुसऱ्या तोंडाच्या. थेंब माझ्या पायांवर उडाले.

"देवापुढे वाजायचाय ना, म्हणून," त्या हसत म्हणाल्या.

२००२ चा गणपती. रत्नागिरीतल्या एका केबलवाल्यानं आपल्या घरातूनच थेट कार्यक्रम लावला होता. कोकणातली कलावंत जोडपी बोलवायची, गप्पा मारायच्या, सत्कार करायचा. गप्पा मारायची त्याची बायको. तिला सगळे वहिनी म्हणत. त्या संध्याकाळी दोन जोडपी होती. एक भजनी बुवा आणि त्यांची बायको. दुसरे आम्ही. आम्ही चांभार, हातखंब्याजवळच्या वस्तीतले. मृदंग मढवतो. कातडं माझा नवरा ताणतो, पुडीवर काळी शाई मी भरते. लोखंडाचा कीस आणि भाताची खळ. एक थर द्यायचा, दगडानं घोटायचा, वाळवायचा, पुन्हा थर. बुवांच्या मृदंगावर मी आठ दिवस बसले होते. मला कलावंत म्हणून कुणी बोलावलं, ते पहिल्यांदाच. वस्तीत एकाच घरी केबल होती. तिथे माझी दहा वर्षांची पोर दुपारपासून जागा धरून बसली होती.

बुवा आणि त्यांची बायको सोफ्यावर. आम्हाला खाली चटई. कारागीर खालीच छान दिसतात, असं वहिनी म्हणाल्या. खोटं कशाला सांगू, मी आनंदानं बसले. आज त्याची लाज वाटते.

मग जाहिराती लागल्या आणि तांब्या आला. माझा नवरा हात जोडून म्हणाला, "वहिनी, पुडीवर पानी नको. आवाज बसंल." त्यांनी ऐकलंच नाही. बुवा समोर होते. तीस वर्षं मृदंग वाजवणारा माणूस. पाण्यानं शाई विरघळते, कातडं ढिलं पडतं, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक. बुवांनी वर पंख्याकडे पाहिलं.

कॅमेरा सुरू झाला. बुवांनी थाप मारली. भद्द. पुन्हा मारली. पुन्हा भद्द. त्यांच्या बोटांना माझी शाई लागली. ती धोतराला पुसून ते कॅमेऱ्याकडे बघून हसले.

"पुडी कच्ची आहे हो. ह्या लोकांच्या हाताला सूर कुठला?"

सगळ्या रत्नागिरीनं ऐकलं. माझ्या पोरीनं ऐकलं.

माझा नवरा उठला. आयुष्यात कुणापुढे आवाज न चढवलेला माणूस. "पानी कोनी ओतलं ते सांगा, बुवा," एवढंच म्हणाला. केबलवाला धावत आला. त्यानं ह्यांची कॉलर धरली, दोन कानफटात दिल्या, बरगडीत लाथ घातली. टीपॉयचा कोपरा ह्यांच्या कपाळात घुसला. चटईवर रक्त सांडलं. कॅमेरा चालूच होता, कारण बंद कर असं कुणी सांगितलंच नाही.

लोकांना दाखवायला म्हणून पिशवीत हत्यारं आणली होती. कातडं कापायची रापी माझ्या हातात आली. खरं सांगते, नजर आधी बुवांच्या गळ्याकडे गेली. चिरावासा वाटला. त्यांनाही ते कळलं, ते सोफ्यात मागे सरकले. मी रापी मृदंगात खुपसली. एक पुडी उभी फाडली. मृदंग उलटा करून दुसरीही फाडली. आठ दिवसांचं माझं काम होतं. ओलं कातडं आवाज न करता फाटतं.

मग कॅमेऱ्याकडे बघून बोलले. "पुडी कच्ची नव्हती. वहिनींनी भिजवली. बुवांनी बघितलंय."

तेवढं गेलं, मग पडदा काळा झाला. पोरीनं नंतर सांगितलं. जिन्यावरून आम्हाला मारत खाली आणलं. माझा डावा हात मोडला. तो अजून वाकडाच आहे.

शिमग्याच्या आधी बुवा आमच्या अंगणात आले, फाटका मृदंग घेऊन. आसपास शाई भरणारं दुसरं कुणी नाही. आवाज मऊ केला होता. झालं गेलं विसरा म्हणाले, देवाचं काम आहे म्हणाले. मी वस्तीतल्या बायकांना हाक मारली. सगळ्या जमल्या.

"पाणी कोणी ओतलं ते ह्यांच्यासमोर बोला, बुवा. मग मढवते."

बुवा मृदंग अंगणात ठेवून निघून गेले.

तो माझ्या पडवीत आहे. दुसऱ्यांच्या मृदंगांवर मी शाई भरते, वाकड्या हातानं भरते. ह्याला हात लावत नाही. बुवा आता थकलेत. न बोलता गेले तर मृदंग फाटकाच राहील. मी आधी गेले तर पोर आहे. तिला शाई भरायला शिकवलंय. ह्या मृदंगावर भरायची नाही, हेही शिकवलंय.