छत्तीस ठिपक्यांचे परबकाका

परबकाका चहात बिस्कीट बुडवायच्या आधी ते उलटसुलट करून बघायचे. गोल बिस्किटावर बारीक भोकं असतात ना, ती मोजायचे. मग ते बिस्कीट माझ्या नाकासमोर धरून म्हणायचे, "बघ, ह्याची बेंबी सरकलीय. ह्या बाजूला जास्त, त्या बाजूला कमी." आणि तेच बिस्कीट अगदी चवीने खायचे. मी म्हणायची, "चुकलंय ना काका, मग खाता कशाला?" काका एरवी माझ्याशी आपलं मुंबईचं मराठी बोलायचे, पण खुशीत आले की मालवणी उतू जायची. "चुकला म्हणून टाकून देवचा काय गो?"

भांडुप पश्चिमेला माझं डिझाइनचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बॅनर, टी-शर्ट, येईल ते काम. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि तापट डोक्याची मी. काका पहिल्यांदा आले तेव्हा गणपतीच्या बॅनरची झुंबड होती. दारात साठी उलटलेला एक बुटका गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. "बाई, तुमच्या कॉम्प्युटरात ठिपके गोलात फिरवता येतात काय?"

मी मानही वर न करता म्हटलं, "येतात. उद्या या, करून देते."

"करून नको. शिकवा."

आता गणपतीच्या तोंडावर मी शिकवणी घेऊ? मी चांगली चिडले होते. पण त्यांनी पिशवीतून एक जुना ग्राफ पेपर काढून माझ्या कीबोर्डवरच पसरला. कडा वाळवीने खाल्लेल्या. मधोमध ठिपक्यांचं एक मोठं चक्र. ठिपके मध्याजवळ मोहरीएवढे आणि बाहेर जाता जाता वाटाण्याएवढे. सात फेरे, प्रत्येकात छत्तीस. हाताने काढलेलं, आणि एक ठिपका इकडचा तिकडे नाही. माझा राग कुठे गेला कोण जाणे.

काका तरुणपणी गिरणीत होते, डिझाइन खात्यात. हे त्यांचं पहिलं स्वतःचं डिझाइन. साहेबांनी पास केलं होतं, छपाईला जाणार होतं, तेवढ्यात संप झाला आणि गिरणीला कायमचं टाळं लागलं. पुढे काकांनी वॉचमनची नोकरी केली, ऑफिसात शिपाई झाले, दोन मुलींची लग्नं केली. पण नवीन लग्न झालेलं असताना सुमतीकाकूंना ते बोलून बसले होते, "माझं डिझाइन छापून आलं की पहिली साडी तुला." चाळीस वर्षं काकू त्यावरून त्यांना टोमणे मारत होत्या. कोणा पाहुण्याने साडीचं कौतुक केलं की म्हणायच्या, "ही काय घेवन बसलास? माझी खरी साडी अजून गिरणीतच आसा."

आता गावचं घर दुरुस्त होत होतं. मे महिन्यात घरभरणी करायची, टेकडीवरची चाळीतली खोली सोडायची आणि कायमचं गावाला जायचं, असं ठरलं होतं. त्या घरभरणीला काकूंच्या अंगावर ती साडी हवी होती. आणि डिझाइन कॉम्प्युटरवरही काकांच्याच हातून व्हायला हवं होतं. बाकी कशाला त्यांची ना नव्हती.

गणपती गेले आणि काका रोज दुपारी अडीचला हजर व्हायला लागले. माऊस धरायचे तो उंदीर पळून जाईल अशा बेताने. मी सांगितलं, "हा ठिपका. ह्याच्यावर दोनदा क्लिक केलं की मध्ये बारीक खूण दिसते. ती ओढून चक्राच्या मध्यावर न्यायची. मग दहा अंश टाकायचे आणि पस्तीस कॉप्या मागायच्या." काकांनी मान डोलावली. दहा मिनिटांनी हाक आली, "ह्या काय गो? एकच ठिपको?"

स्क्रीनवर खरंच एकच ठिपका. खूण मध्यावर न्यायला विसरले होते, त्यामुळे ठिपका स्वतःभोवतीच फिरला. गोल ठिपका स्वतःभोवती कितीही फिरवा, जागचा हलतोय थोडाच? छत्तीस ठिपके एकावर एक. आणि काही दिसत नाही म्हणून काकांनी आठ वेळा तेच केलं होतं. मी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होते. काका मात्र गंभीर. "म्हणजे बेंबी सरकली," ते म्हणाले. "पोराची बेंबी सरकली की पोर एका जागी पडून रडतं. तसंच हे." त्या दिवसापासून आमच्या दुकानात त्या खुणेला बेंबीच म्हणतात. "आधी बेंबी धर, मगे फिर," हे काका इतक्यांदा म्हणायचे की शेवटी मी रागावले तरी मलाही तेच ऐकवायचे.

दिवाळीपर्यंत काका तयार झाले. मग काय विचारता! लग्नपत्रिकेवर ठिपके, जिमच्या टी-शर्टवर ठिपके. नाहूरच्या टॉवरमधल्या एक मॅडम लोगोसाठी आल्या होत्या, माझी सात डिझाइनं त्यांनी नापास केली. काका बाजूच्या खुर्चीवरून म्हणाले, "तीन फेरे घाला, चौथा नको. श्वास घ्यायला जागा ठेवा." मॅडमना एकदम झकास वाटलं. मला आधी राग आला, मग अभिमान वाटला.

साडीचं चक्र काकांनी एप्रिलमध्ये पुरं केलं. मोतिया रंगाच्या पदरावर मरून ठिपक्यांचा एकच मोठा गोल. फाईल छपाईला पाठवायच्या दिवशी ते खोलीच्या कागदपत्रांत अडकले होते. फोनवर म्हणाले, "पाठवायच्या आधी मला दाखव हां." मी म्हटलं, "काका, वीस वर्षं हेच करतेय ना मी?" चौथ्या फेऱ्याचे ठिपके मला जरा लहान वाटले. एका कानाला बॅनरवाल्याचा फोन, तशीच तो फेरा पुसून नव्याने केला. दहा अंश, पस्तीस कॉप्या, झालं, पाठवलं.

साडी शुक्रवारी आली. रविवारी त्यांना निघायचं होतं. काका-काकू दोघं आले, काकू तर केसांत गजरा माळून आल्या होत्या. टेबलावर पदर पसरला. तीन फेरे झकास, बाहेरचे तीन झकास. मधला चौथा फेरा रिकामा. त्या रिकाम्या वाटेवर एकच ठिपका, एकटा. बाकीचे पस्तीस त्याच्याखाली.

चाळीस वर्षांची साडी, आणि वाट लावली कोणी, तर मी! नवीन छापायला आठवडा लागणार होता. मी तिथेच रडायला लागले. काका पदरावर वाकले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं तेही रडतायत. तर माणूस खो खो हसत होता. "तुझी बेंबी सरकली गो! वीस वर्सां करतंस म्हणे!"

"काका, हसताय काय? सॉरी हो..."

"गप. मरून रंग आण, कापडावरचा. आणि मागे रबर असलेली पेन्सिल."

मी समोरच्या स्टेशनरीत धावले. काकांनी चक्राच्या मध्यावर पट्टी ठेवली, आतला ठिपका आणि बाहेरचा ठिपका एका ओळीत धरला आणि मधल्या जागेवर रबराने हलकेच ठसा उमटवला. मग पुढची ओळ. माऊसवर अडखळणारी ती बोटं कापडावर काय चालत होती! पस्तीस ठिपके त्यांनी अर्ध्या तासातही संपवले असते, पण एकेक ठिपका टाकून ते काकूंकडे बघायचे. शेवटचा ठिपका राहिला तेव्हा त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. "ह्यो तू टाक."

"नको काका, बिघडेल."

"आधी बेंबी धर, मगे टाक."

मी टाकला. पेन्सिल जरा सरकली आणि ठिपका लांबट झाला, भोपळ्याच्या बीसारखा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंनी फुंकर मारून तो वाळवला, वाळल्यावर साडी स्वतः इस्त्री केली आणि छातीशी धरून घेऊन गेल्या. रविवारी ते गेले. दुपारी अडीचला अजून माझी नजर दाराकडे जाते.

घरभरणीच्या दिवशी फोनवर फोटो आला. काकू नव्या ओटीवर उभ्या, पदर दोन्ही हातांनी असा पसरलेला की त्यामागे घर दिसतच नव्हतं. खाली काकूंचा आवाजी निरोप होता. "गो बाय, सगळ्या बायका इचारतत, साडी खंयची? मी सांगतंय, बाकीची साडी मशीनची, मधलो फेरो माझ्या घोवाचो. आणि ह्यो एक वाकडो ठिपको माझ्या भांडुपच्या चेडवाचो, लेकीचो."

मागून काकांचा आवाज आला, "वाकडो खंय? बरोच आसा!"