कुसाबाईनं स्लॅब अडवला

पेठकडची कुसाबाई नवऱ्याबरोबर नाशिकला गंगापूर रोडच्या एका साइटवर कामाला होती. ती घमेली वाहायची, लहानू स्लॅबखाली सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा लावायचा. एकदा प्लेट निसटून त्याच्या कमरेवर आदळली. दवाखान्यात न्यायचं सोडून मुकादम संतोषनं त्याच्या हातावर कॅप्सूल ठेवली.

"चहाबरोबर घे. दुखणं पळून जाईल."

खरंच पळालं. दुपारी लहानू पुन्हा वर चढला. मग रोज सकाळी चहाबरोबर गोळी. कंबर धरून बसेल त्याला गोळी. काम थांबायला नको, बस!

दिवाळीला गावी गेल्यावर गोळ्या संपल्या. लहानूला घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, उलट्या थांबेनात. तो एकच घोकत होता, "मुकादमाला फोन लाव."

तेव्हा कुसाबाईला सगळं उमगलं. तिनं त्याला गाडीत घालून नाशिकच्या सरकारी दवाखान्यात आणलं. एक्स-रे आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मणका मोडला होता, तो वाकडा जुळलाय. आणि ही गोळी अफूच्या जातीची. एकदम तोडली की असं होतं."

लहानूला भरती करून ती तडक साइटवर गेली. स्लॅबचं काँक्रीट ओतणं चालू होतं. ती मिक्सरसमोर उभी राहिली.

"बंद करा!"

"मी औषधच दिलं ना?" संतोष म्हणाला. "लोकांची सोय केली."

"सोय? बैल बसला तरी आपण आधी बघतो त्याला काय झालं. तू माणसाला पराणी टोचत राहिलास!"

बायांनी घमेली खाली ठेवली. इंजिनियर धावत आला. "अहो बाई, माल वाया जाईल!"

"माझा माणूस वाया गेला, तवा कुठं होतास?"

कुसाबाईच्या तक्रारीवर पोलिसांनी संतोषला बोलावलं आणि संध्याकाळी सोडून दिलं. काम मात्र कुसाबाईचं गेलं. वर लहानूच खाटेवरून तिच्यावर ओरडला, "तू माझी रोजी घालवलीस!"

"कंबर त्यानं खाल्ली आणि डोळे माझ्यावर वटारतोस?"

लहानू तोंड फिरवून रडला. पुढं गोळी सुटली, पण ओझं उचलणं कायमचं बंद झालं. आता तो घरी भाकरी थापतो आणि कुसाबाई एकटी मजुरीला जाते.

संतोष दुसऱ्या साइटवर मुकादम झालाय. हे कळताच ती तिथल्या फाटकावर गेली आणि आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला सांगू लागली, चहाबरोबर काय देतात ते. वॉचमननं हाकललं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली.